जिजीच्या नावावर

जिजीच्या घराला कडी नव्हती, पण नावेला कुलूप होतं. चांगलं पितळी, जड कुलूप. घराचं दार म्हणजे चार फळ्या, कुत्री शिरू नयेत म्हणून आडव्या टेकवलेल्या. नाव मात्र घाटावरच्या चिंचेच्या मुळाला साखळीने बांधलेली असायची आणि किल्ली जिजीच्या कमरेला. असं उलटं का, म्हणून मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "बेनजी, घर बैठा रहता है. नाव चल देती है."

धार जिल्ह्यातलं, नर्मदेच्या काठचं ते केवटांचं गाव. साठ-सत्तर घरं, एक हापसा आणि दोन खोल्यांची शाळा. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी आता तिथे जाता येणार नाही. शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक तिथे झाली. एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. जिजी विधवा, मूलबाळ नाही. तिने ओसरीला कुडाची भिंत घातली आणि म्हणाली, "रह लो." भाड्याचं विचारलं तर तिने मान दुसरीकडे फिरवली. पुढे मी आपणच घरात तेल, साखर, चहापत्ती आणून ठेवू लागले, ते तिने चालवून घेतलं.

मी देवासची. पणजोबा दरबारात कारकून होते, तेव्हापासून आम्ही तिथले. घरात मराठी, शाळेत हिंदी, रस्त्यावर दोन्हींची खिचडी. माझ्या लहानपणी देवासला पिण्याचं पाणी रेल्वेने यायचं. आई आणि मी हंडे घेऊन रांगेत उभ्या राहायचो. हे जिजीला सांगितलं तेव्हा तिच्या हातातली जाळं विणायची सुई थांबली. "पानी रेल में बैठकर आता था? टिकट भी लगता था क्या उसको?" मग ती बराच वेळ हसली. दुसऱ्या दिवशी सगळ्या घाटाला ती गोष्ट कळली होती आणि बायका मला पाहिलं की विचारत होत्या, बेनजी, रेलगाडी आली का?

ती स्वतः नेमावरची. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली, नदीच्या वरच्या अंगाची. मी नेमावर कधी पाहिलं नव्हतं, याचं तिला फार नवल वाटायचं. लग्न होऊन आल्यावर ती माहेरी तीन वेळा गेली असेल. आठवण येत नाही का, म्हटलं तर म्हणायची, "मायके का पानी रोज यहीं से जाता है. चिट्ठी की क्या ज़रूरत?"

नाव तिच्याकडे कशी राहिली, ते मला शेजारणीने सांगितलं. नवरा तापाने गेला. तेराव्यानंतर पुतणे नाव न्यायला आले, कारण नाव घरातल्या पुरुषाकडे जाते, तशी रीत होती. जिजी नावेत जाऊन बसली. तो दिवस बसली, दुसरा दिवसही बसली. जेवण आणलं ते खाल्लं, पण उतरली नाही. पंच आले, म्हणाले, बाई जाळं टाकत नाही. ती म्हणाली, मी टाकीन. तिसऱ्या सकाळी तिने साखळी सोडली आणि मधल्या धारेत जाऊन जाळं टाकलं. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. मी तिला याबद्दल विचारलं तर म्हणाली, "कुछ नहीं हुआ था. बैठी थी."

दिवाळीनंतर पाणी उतरलं की नदीच्या मधोमध वाळू उघडी पडायची. त्या वाळूत गाव टरबुजं, खरबुजं, काकड्या लावायचं. त्याला डांगरवाडी म्हणत. वाळू कुणाच्याही मालकीची नव्हती. दरवर्षी पुरात जुने वाटे मोडायचे, म्हणून दरवर्षी नव्याने वाटणी व्हायची, आणि त्या वाटणीची दोरी जिजीच्या हातात असायची. दोरीला गाठी मारलेल्या. ती पुढे चालायची, मागे सगळं गाव. सगळ्यांचे वाटे झाले की जो उरेल तो तिचा. एकदा दोघा भावांचं हातभर वाळूवरून जुंपलं. जिजीने दोरी खाली टाकली आणि वाळूत बसून राहिली. ऊन चढलं. सगळं गाव ताटकळलं. शेवटी धाकटा म्हणाला, "उठ जा जिजी, रहने दे." ती उठली आणि पुढचा वाटा मोजायला लागली. कागदावर काहीच नव्हतं, तरी कुणाचा वाटा कुठला, यावरून वर्षभर भांडण व्हायचं नाही.

खाली दूर कुठेतरी धरण होतं आणि त्याचं पाणी एक दिवस इथवर येणार, हे गावाला वर्षानुवर्षं माहीत होतं. इतकी वर्षं की लोकांनी त्याचा विचार करणं सोडून दिलं होतं. मग कुणाकडे काय आहे याची नोंद करायचं काम निघालं आणि शिक्षकांना त्यावर लावलं. आमच्या गावातले बरेचसे फॉर्म माझ्याच हातचे आहेत.

जिजीच्या ओसरीत बसून मी तिचा फॉर्म भरला. कच्चं घर, एक. झाडं: लिंब एक, सीताफळ दोन. जमीन: निरंक. वाळूचं काय, तिने विचारलं. नदीचं पात्र सरकारचं असतं, मी सांगितलं. नावेसाठी रकानाच नव्हता. मग व्यवसाय. मी पेन टेकवलं तर मागे उभे असलेले आमचे पर्यवेक्षक म्हणाले, "मछुआ समिति की सूची में इसका नाम है? नहीं ना. औरतों का मछली में नहीं लिखते बेनजी, आगे अटक जाएगा. मजदूरी लिखो."

आगे अटक जाएगा. मला वाटलं, अडकायला नको. मी मजदूरी लिहिलं.

जिजीला एकच अक्षर येत होतं. शाळेच्या खिडकीतून ऐकून ऐकून, मछलीचा म. तिने फॉर्मवर वाकून बोट ठेवलं आणि विचारलं, "यह म है ना?"

मी म्हटलं, "हो. म आहे."

ती खूश झाली. अंगठा उठवला. पोच म्हणून मिळालेला कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला. मी फॉर्मांचा गठ्ठा उचलला. पुढच्या घरी जायचं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी मी स्वतःच अर्ज करून देवासला बदली घेतली. आईचे गुडघे हे कारण दाखवलं. ते खरंही होतं.

पाणी आलं तेव्हा मी तिथे नव्हते. जे ऐकलं ते असं. पावसाळ्यात पाणी चढलं, तसं ते नेहमीच चढायचं. या वेळी उतरलं नाही. लोक रोज सकाळी काठीने खूण करायचे आणि संध्याकाळी खूण पाण्याखाली असायची. कुणी रडलं नाही म्हणे. ट्रॅक्टर आले, लोकांनी पत्रे, खाटा, दारं भरली आणि चार मैलांवरच्या काळ्या मातीत आखून दिलेल्या प्लॉटांवर नेऊन उतरवली. जिजीने दुसऱ्या फेरीला नाव ट्रॉलीवर चढवायला लावली. ड्रायव्हर म्हणाला, वहाँ इसका क्या करोगी? ती ट्रॉलीत चढून नावेत बसली.

पुढे एकदा शाळेच्या सुट्टीत मी तिला भेटायला गेले. सरळ गल्ल्या, प्लॉटांना नंबर, आणि जिजीच्या पत्र्याच्या शेडसमोर विटांवर ठेवलेली नाव. सुकून लाकडाच्या फटी पडू नयेत म्हणून ती रोज दोन बादल्या पाणी नावेत ओतत होती. हापशावरच्या बायका भांडायच्या, पिण्याचं पाणी लाकडाला घालतेस म्हणून. ती ऐकून घ्यायची आणि ओतायची. मला म्हणाली, "जमीन मेरे नाम पर हो गई बेनजी. कागज है." आणि प्लॉटकडे बोट केलं. तिथे काहीच उगवलेलं नव्हतं. आम्ही चहा प्यायलो. मी निघाले.

मग एका दुपारी जिजी देवासला आमच्या दारात उभी. पहाटेची पहिली बस, इंदूरला बदलून, पत्ता विचारत विचारत. आईने तिला आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं. आई तिच्याशी मराठीत बोलत होती, जिजी आपल्या बोलीत उत्तर देत होती, आणि दोघींचं काही अडत नव्हतं. आई म्हणाली, "दमला असाल हो, आधी दोन घास खा." जिजी म्हणाली, "खाऊँगी. पहले काम."

तिने पिशवीतून कागद काढला. नव्या पाण्यात मासेमारीसाठी कार्डं मिळत होती. ती गेली, तर खिडकीतल्या माणसाने कागद पाहून सांगितलं, तुम तो मजदूर हो, तुम्हारा नहीं बनेगा. जिजी त्याला म्हणाली होती, नीट वाच, मछली लिहिलंय. तो हसला.

"बेनजी, आप पढ़ दो इसको. इसमें म तो है."

आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती.

मी म्हटलं, "म आहे जिजी. मजदूरीचा म आहे."

तिने कागद परत घेतला, पाहिला, उलटा करून पाहिला. मग हळूच म्हणाली, "मजदूरी तो मैंने कभी की नहीं. एक दिन भी नहीं."

"माहीत आहे."

"तो लिखा किसने?"

ते तिला ठाऊक होतं. फॉर्म मी भरला तेव्हा ती समोरच बसली होती. तरी तिने विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "मी."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने कागद घडी करून माझ्या पुढ्यात ठेवला. "तो आप ही काटो," म्हणाली. मग आईकडे वळून म्हणाली, "अब दे दो रोटी." आणि पोटभर जेवली.

खोडायला दोन वर्षं लागली. मी शपथपत्र केलं: या फॉर्मातली नोंद मी जाणूनबुजून चुकीची केली, ही बाई मच्छीमार आहे, मी तिच्या घरात राहून रोज पाहिलं आहे. कार्डांच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "मॅडम, अपने ही हाथ से फँस रही हो." मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारण दाखवलं, तेच, जे घडलं ते. माझी देवासहून चाळीस मैलांवर बदली झाली, परत यायला काही वर्षं लागली. मला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. बसमध्ये बसायचं, खिडकीपाशी रांग लावायची, पुढची तारीख घ्यायची. जिजी दर वेळी यायची आणि बाकावर शेजारी बसायची. अशाच एका दिवशी ती म्हणाली, "मेरा तो हो जाएगा. बाकियों का?"

"बाकीच्या कोण?"

"सुगन. कमला. शांती. सबका आपने ही लिखा ना?"

सगळ्यांचं मीच लिहिलं होतं. घाटावर जाळं टाकणाऱ्या, मासे सुकवणाऱ्या, बाजारात विकणाऱ्या एकोणीस बायका, आणि एकोणीस वेळा मजदूरी. मी एकोणीस शपथपत्रं केली. त्यातल्या चौघी तोवर वारल्या होत्या. दोघी मुलांबरोबर गुजरातेत गेल्या होत्या. बाकीच्यांचं झालं. सगळ्यात शेवटी जिजीचं झालं. का ते कुणी सांगितलं नाही.

कार्ड मिळालं तेव्हा ती सत्तरीला आली असेल. नाव पुन्हा पाण्यात गेली. पहिल्या दिवशी काय मिळालं, मी फोनवर विचारलं. "कुछ नहीं," ती म्हणाली. "पानी खड़ा है बेनजी. मछली को भी पता नहीं, मुँह किधर करे." खाली बुडालेल्या झाडांत तिची दोन जाळी फाटली. तरी दोन वर्षं ती जात राहिली. लहान मासे मिळत, ते वस्तीतच खपत.

गेल्या हिवाळ्यात सुगनचा फोन आला. मी वह्या तपासत होते. ती म्हणाली, जिजी गेली, झोपेतच. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि उरलेल्या वह्या तपासल्या, एकही चूक न सोडता. आईला सांगितलं तेव्हा ती रडली. मी तिला पाणी आणून दिलं.

तेराव्याला गेले. पुतणे नावेसाठी आले होते, आता म्हातारे झालेले. सुगन म्हणाली, "जिजी नाव मुझे दे गई है." कागद कुठे आहे, त्यांनी विचारलं. कागद नव्हता. मग वस्तीतल्या बायका एकेक करत उठल्या आणि जाऊन नावेपाशी बसल्या. मीही जाऊन बसले. दुपार कलली तसे पुतणे चहा पिऊन निघून गेले.

मी अजून जिजीसाठी रडलेली नाही. रडू येईल म्हणून वाट पाहिली, मग तेही सोडलं.

गेल्या महिन्यात परत एका यादीच्या कामावर आमची नेमणूक लागली. देवासच्या एका गल्लीत, एका घरात, नवरा खुर्चीत बसून सगळं सांगत होता आणि बायको मागे पापड लाटत होती. चार मोठ्या परातींत वाळवण घातलेलं होतं. व्यवसायाच्या रकान्यापाशी तो म्हणाला, "कुछ नहीं करती, घर में रहती है. वो लिख दो."

मी तिला विचारलं, "तुम्ही काय करता?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग परातीकडे. "पापड बनाती हूँ. दुकानों में जाता है."

मी ते लिहिलं. मग तिचं नाव, वय, व्यवसाय, सगळा फॉर्म तिला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्याबरोबरचा तरुण शिक्षक दारातून म्हणाला, "मॅडम, ऐसे तो शाम हो जाएगी."

त्या बाईने पिठाचे हात पदराला पुसले आणि जवळ येऊन बसली.

"एक बार और पढ़ो," ती म्हणाली.

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.