बांधावर मालक उभा होता

पाहणीपत्रकाची नक्कल मी तीनदा वाचली. इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे जुनं हस्ताक्षर मला चटकन लागत नाही. पण तिन्ही वेळा अर्थ तोच निघाला. शेत कसणाऱ्याच्या रकान्यात मालकाचंच नाव होतं.

लोहारा तहसीलच्या व्हरांड्यात आमचे अशील, माकणीचे एक आजोबा, बसून होते. निजामाचं राज्य गेल्यावर नव्या सरकारनं कूळ कायदा आणला. दुसऱ्याचं शेत कसणाऱ्याला त्या शेतावर हक्क मिळाला. पण त्या वेळी सरकारी साहेबानं शेतावर येऊन केलेल्या पाहणीत नाव लागलेलं पाहिजे. आता मालकाचा नातू शेत विकायला निघाला होता. नाव निघालं नाही, तर आजोबांना पिढ्यांचं शेत सोडावं लागणार होतं.

“तुमच्या वडिलांचं नाव नाही, आजोबा. मालक स्वतः कसतात, असं लिहिलंय.”

“त्यानं कधी कासरा तरी धरला का, पोरी?”

माझे सीनियर म्हणाले, “साहेबाला पैसे चारून लिहून घेतलं असणार. तसंच आर्ग्यू करू.”

“न्हाय वकीलसाहेब. आमच्या बापानंच सांगितलं तसं. म्या लहान व्हतो, पर तिथंच व्हतो. साहेबानं इचारलं, शेत कोण कसतं? मालक बांधावर उभा. बाप म्हणला, मालकच कसत्यात, म्या चाकर.”

“हे आत बोलू नका,” सर म्हणाले.

“मग त्या साहेबावर उगं आळ घ्यायचा? तेनं काय खाल्लं न्हाय.”

आत तहसीलदारांनी विचारलं आणि आजोबांनी सगळं सांगितलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाईलकडे पाहिलं.

“वडिलांना मारलं होतं? धमकी दिली होती?” तहसीलदारांनी विचारलं.

“न्हाय. मालक नुसता उभा व्हता.”

“नुसतं उभं राहणं म्हणजे जबरदस्ती नव्हे, बाबा.”

“निजामाच्या टायमाचा मालक तुमी बघितलाय का, साहेब?”

क्लार्क हसला. “हे लिहू नका,” तहसीलदार त्याला म्हणाले.

कूळ म्हणून नाव लावायचा अर्ज फेटाळला गेला. वडिलांनी स्वतःच चाकर असल्याचं सांगितलं होतं, एवढंच कारण. आम्ही अपील केलंय. तारखा पडतात. शेतात आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर फिरतो.

त्या पत्रकात पिकाचा रकाना आहे, पाण्याचा आहे, झाडांचाही आहे. उत्तर देताना शेजारी कोण उभं होतं, याचा नाही. हल्ली जबाब घेण्याआधी मी अशिलाखेरीज सगळ्यांना बाहेर बसवते. सरांनासुद्धा.