बॅटरीच्या पंख्याखाली

नालवाडीतले आमचे कर सल्लागार कुठलंही बोलणं "बिल सांभाळून ठेवजा" म्हणूनच संपवतात, मग विषय वांग्यांचा का असेना. घराची पुढची खोली हेच त्यांचं ऑफिस. तिथं त्यांनी मोठी बॅटरी बसवली आणि धंद्याची वस्तू म्हणून तिच्यावर करात सूट घेतली.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी तिथं बसलेलो असताना लाइट गेली. ऑफिसातला पंखा तेवढा फिरत राहिला. आतून त्यांची बायको उशी घेऊन आली.

"धंद्याची बॅटरी हाय, इथं फक्त क्लायंट बसते," म्हणत त्यांनी तिच्यापुढं रजिस्टर सरकवलं. "नाव लिहजो, काम लिहजो."

तिनं लिहिलं आणि पंख्याखाली आडवी झाली. मी डोकावलो. कामाच्या रकान्यात होतं: सल्ला द्याले आली.