मरायचंच राहून गेलं

चहा घेतला ना सगळ्याइनं? मंग आयका. पण हसून अंगावर सांडला, तं मी जबाबदार नाही!

मी एकदा भर मांडवात, साऱ्या सानगडी गावासमोर, मरायचंच विसरलो.

तुम्हाले तं माहीतच हाय, दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, नाटकं लागली की सोयरे येतात न लग्नं जमतात. माझंबी जमायच्या बेतात होतं. साकोलीची सुनीता मले फोटोतच आवडली होती. पण तिचे बाबा म्हणाले, "पोराचं नाटक पाहतो, मंग बोलतो." म्हणजे पास का नापास, सारं नाटकावर!

रात्रीचा मांडव मोठ्या नाटक कंपनीले दिला होता, म्हणून आम्हा गावच्या पोराइचं नाटक दुपारी. पहिल्या महायुद्धातल्या एका हिंदुस्थानी वैमानिकाचं. पहिल्या अंकात तो गिधाडं पाहून छपरावरून उडी मारते, दुसऱ्यात गोऱ्या साहेबाशी भांडून फौजेत विमान मिळवते, तिसऱ्यात लढता लढता मरते. वैमानिक कोण? मी!

विमान बांबूचं, त्यावर आईचं जुनं लुगडं. खरी विमानंबी तवा लाकडाची न कापडाचीच होती म्हणे. विहिरीची गडगडी वर बांधली न तिचा दोर माझ्या दोस्ताच्या, सुखदेवच्या हातात दिला. सुतळी बॉम्ब फुटला की मी "आई गं!" म्हणून मान टाकायची, मंग त्यानं विमान खाली घ्यायचं. मी ओरडल्याबिगर दोर सोडू नको, अशी ताकीद मीच दिली होती.

दोन अंक झकास झाले. सुनीताचे बाबा पहिल्या रांगेत, बाजूले ती. तिसऱ्या अंकात मी विमानात बसून वर गेलो.

न वरून काय दिसलं सांगू! मांडवाच्या फटीतून अख्खा तलाव. पाणी चमकून राहिलं, कापलेल्या धानाच्या शेतातल्या पिवळ्या बांध्या, त्याइच्यात बगळे. वारा आला की विमान हळूच डोले. वाटलं, तो वैमानिक पोरगाबी असाच उडत असंल ना, परक्या मुलखावरून, आपल्या गावचा तलाव आठवत? लय गोड वाटलं, बाप्पा. डोळेच भरून आले.

धडाम!

मले वाटलं, मंडईत कोणी फटाका फोडला.

"आई म्हण बे!" पडद्यामागून सुखदेव.

धडाम! मी आपला बगळे पाहून राहिलो.

आईचं काम करणारे कवडूमामा ठरल्यापरमानं रडत आले. "माझा लेक गेला होऽऽ!" वर पाहतात तं लेक पाय हलवत बसलेला! मामा रडणं सोडून खेकसले, "अबे, मर ना! मी कितीक वेळ रडू?"

सारा मांडव ओरडायले लागला, "मर! मर!" तेवढ्यात तिसरा बॉम्ब फुटला. मी दचकलो न ओरडलो, "कोण मेलं?"

हसता हसता सुखदेवच्या हातचा दोर सुटला. मी विमानासकट मामाच्या अंगावर! नाटक तिथंच संपलं.

बाबा उठले. "ज्याले मरायचं भान नाही, तो संसार काय करंल? चल सुनीता."

माझा जीव तवा मातर खरंच गेला.

पण सुनीता काही उठंना. म्हणते, "बाबा, तीन तीन बॉम्ब फुटले, तरी मेला नाही. टिकाऊ हाय. ठेवून घ्या!"

अशी माझी घरवाली. अजूनबी मी अंगणात आभाळ पाहत बसतो न ती जेवायले बोलावते. पण पहिल्या दोन हाका ती मारतच नाही. सीधा तिसरा बॉम्ब!