कमानीवरचं ब्रीदवाक्य

"दादा, बाबांनी कोरलेलं ब्रीदवाक्य तू तासणार? हात झडत नाहीत तुझे?"

"मी नाही म्हटलं तर मशीन लावतील. वरच्या ढालीचा, सिंहाचा, सगळ्याचाच भुगा होईल."

"म्हणजे कसायापेक्षा घरच्यानेच मान कापलेली बरी!"

पाथरवट छिन्नीला धार लावत राहिला. कॉलेजच्या कमानीवरचं 'दार सर्वांना उघडे' त्याच्या बापाने बोटभर खोल कोरलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेला हा, बापाच्या परांचीवर बसून, त्या अक्षरांवर बोट फिरवतच वाचायला शिकला. आता नव्या संचालकांना तिथे 'उत्कृष्टतेकडे वाटचाल' हवं होतं.

"आणि ते नवं कोण कोरणार?" बहिणीने विचारलं. "तेही तूच ना?"

त्याने छिन्नी पिशवीत टाकली, चपला पायात सरकवल्या आणि तो कमानीकडे निघाला.