दरवाजा शाळेत गेला आहे

रागावण्याच्या कामात माझ्या मामांचा हात धरेल असा माणूस भंडारा जिल्ह्यात नव्हता, आणि जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं तेव्हा तिकडे गेलेल्या अर्ध्या भागातही नव्हता. फुटण्याचाही त्यांना राग आला. वाटणी करताना घरच्या म्हाताऱ्याला तरी विचारतात, असं म्हणून त्यांनी गोंदियाच्या व्याह्यांशीच अबोला धरला, जशी काही रेघ त्या बिचाऱ्यांनी ओढली होती.

पण खरा राग शाळेपायी. आमच्या वस्तीचं हायस्कूल. गावातल्या मोठ्या शाळेत आमची पोरं पडवीत बसत, पाणी वरून ओंजळीत घेत. धम्म घेतल्यावर लोकांनी ठरवलं, आपली शाळा आपणच बांधू. गाठीला काही नव्हतं, म्हणून आपापली घरं उसवली. कुणी छपराचे कवेलू उतरवले, कुणी खिडकी काढून दिली, कुणी आढं. मामांचं नुकतंच लग्न झालेलं. त्यांनी घराचा दरवाजाच चौकटीसकट उचलून नेला. मामी माहेराहून परतली तर दाराला पोतं! पुढे पोत्याचा पडदा झाला, दरवाजा काही आला नाही. कुत्री आत येत, शेजारची बकरी भात खाऊन जाई. मामीनं तोंड उघडलं की मामा कडाडत, "दरवाजा शाळेत गेला हाये. एका घराले दोन-दोन दरवाजे कायले पाह्यजेत?"

माणसाला नावानं ओळखणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. रस्त्यात भेटलेल्या भल्या माणसाला ते "जयभीम, खिडकी" म्हणत. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिचे वडील जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यातल्या आपल्या नोकरीचं, क्वार्टरचं कौतुक सांगत होते. मामांनी मधेच विचारलं, तुमच्या बुढ्यानं शाळेले काय देल्लं होतं? आढं, ते म्हणाले. मामांनी जागीच होकार दिला. मला विचारायचं राहूनच गेलं. आढ्याच्या नातीनं माझा संसार पेलला, ही गोष्ट वेगळी.

आणि शाळेच्या सुवर्णमहोत्सवात गेटाशी संगमरवरी पाटी लागली. संस्थापक म्हणून नाव कुणाचं, तर गावच्या जुन्या मालगुजाराचं! भिंतींच्या चिखलापुरतंही विहिरीचं पाणी ज्यानं भरू दिलं नव्हतं, त्याचं. त्याचा नातू कमिटीत होता ना. पाहुणे भाषणात म्हणाले, मालगुजारांनी दया करून या समाजाला शिक्षण दिलं. दया! आज लिहितानाही माझं डोकं भणभणतं.

मामा उठले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला नाही. "दरवाजा उभा हाये," ते म्हणाले. "खिडकी, उभी राह्य." एक म्हातारी काठी टेकत उठली. मग आढं उठलं. मग कवेलूवाले उठले, ते इतके की मागच्यांना स्टेज दिसेना. मामांनी पाहुण्यांना विचारलं, "आता सांगा साहेब. याच्यातलं दयेचं कोनतं हाये?"

साहेब पाणी प्यायले. कमिटीनं पाटी बदलू म्हणून सांगितलं. बदलली नाही. मामा गेले, मग जुनी शाळा पाडून स्लॅबची झाली. आमचं लाकूड आवारात पावसात टाकलं, आणि पाटी? ती जपून काढून नव्या भिंतीत बसवली. मी कमिटीशी तावातावानं भांडलो, मामांइतकं काही जमलं नाही. शेवटी दरवाजा हातगाडीवर घालून मामीच्या दारात आणला. आयुष्यभर मागत होती, आता तरी लावून देऊ.

मामीनं फळीवरून हात फिरवला. पोरांनी कर्कटकानं कोरलेली नावं होती तिथं. मग मामांसारखीच माझ्या अंगावर खेकसली, "घरी काहून आनला? थो शाळेचा हाये."

तेव्हापासून तो तिच्या भिंतीला टेकून उभा आहे. दाराला अजून पडदाच आहे.