खमिराचा वास

वडिलांनी दारू सोडली तेव्हा त्यांचा उजवा हात माझ्या डोक्यावर होता. मी दहा वर्षांची होते. सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मला पाटावर बसवलं होतं. आईचे दोन भाऊ दाराशी उभे होते. वडील म्हणाले, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, आजपासून थेंब घेणार नाय." मामांनी मान हलवली, चहा घेतला आणि ते भाजीची गाडी घेऊन मार्केटला गेले.

अशा शपथेचा अर्थ आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शपथ मोडली तर मोडणाऱ्याला काही होत नाही. ज्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याला होतं.

त्या दिवसापासून आईने एक पद्धत ठेवली. वडील कारखान्यातून आले की ती स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन पुढे व्हायची आणि ते पाणी पिईपर्यंत हातभर अंतरावर उभी राहायची. तांब्या परत घेताना ती थोडी वाकायची. वडिलांना हे कळत होतं. ते पाणी पिऊन झाल्यावर मुद्दाम जोरात श्वास सोडायचे. आई तांब्या घेऊन आत जायची. चार वर्षं रोज हे चाललं, आणि चार वर्षं आईला काही सापडलं नाही.

माझा ताप, खोकला, गालफुगी, एकदा सायकलवरून पडून फुटलेला गुडघा या सगळ्यांची आईने त्या चार वर्षांत वेगळी चौकशी केली. डॉक्टरांकडे ती मला न्यायची, औषधही द्यायची, पण संध्याकाळी वडिलांना विचारायची, "काही सांगायचंय का?" वडील म्हणायचे, "पोरं पडत नाय का सायकलवरनं?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आई खिम्याचे पाव शिकली. शेजारच्या मावशींनी ते शिकवले. त्या ख्रिस्ती होत्या आणि त्यांचे यजमान देवळालीला लष्कराच्या मेसमध्ये भट्टीवर काम करून निवृत्त झाले होते. मावशींकडचे पाव बाहेरून साध्या बनसारखे दिसत. फोडले की आत कोरडा, तिखट खिमा निघे. आईचा सुरुवातीला या प्रकारावर विश्वास नव्हता. तिच्या माहेरी मटण हाडासकट, समोर तोडलेलं, वाटे करून आणलेलं असायचं. बारीक केलेलं मांस आणि तेही पिठात बंद केलेलं, म्हणजे दोनदा लपवलेलं, असं तिचं मत होतं. तिने पहिला पाव चार ठिकाणी फोडून पाहिला आणि मग खाल्ला. त्यानंतर ती मावशींच्या मागे लागली.

गोल अॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन मावशींनीच वापरायला दिला. झाकणाला काचेची खिडकी होती. ओव्हनला हात लावताना लाकडी पाटावर उभं राहायचं, नाहीतर झटका बसे. एका वेळी सात पाव मावत, कडेने सहा आणि मध्ये एक. खिमा मशिनवर न काढता खाटकाकडून सुरीने बारीक करून घ्यायचा. कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची आणि थोडा काळा मसाला घालून तो कढईला चिकटायला लागेपर्यंत परतायचा आणि पूर्ण गार करायचा. गरम भरला तर पावाचं बूड ओलं राहतं. मैदा दुधात भिजवायचा, त्यात अंडं, साखर, मीठ, तेल आणि खमीर. खमीर बेकरीतून मिळे. मातीच्या रंगाची ठिसूळ वडी, कागदात गुंडाळलेली.

मावशींनी पीठ तासभर झाकून ठेवायला सांगितलं होतं. हिवाळा होता. तासाभरात पीठ हललं नाही. आईने ते पातेलं गोधडीत गुंडाळून पाणी तापवायच्या बंबाजवळ ठेवलं आणि ती मामांना मदत करायला मार्केटला गेली. ती चार वाजता परत आली. वडील पहिल्या पाळीहून येऊन खाटेवर झोपले होते. आई उंबऱ्यातच थांबली. मग चपला न काढता सरळ खाटेपाशी गेली.

"उठा. हाऽ करा."

"काय?"

"तोंड उघडा म्हणते ना."

वडिलांनी तोंड उघडलं. आईने वास घेतला, पण तिचं समाधान झालं नाही, कारण वास सगळ्या खोलीला होता. तिने ट्रंक उघडली, गव्हाच्या पिंपात हात घातला, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. वडील खाटेवर बसून राहिले. ते एवढंच म्हणाले, "अगं, बघ अजून. मोरीत पण बघ." आईने मोरीतही पाहिलं. मग तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि ती रडत शेजारी गेली.

मावशी आल्या. त्यांनी दारातूनच एकदा वास घेतला, बंबाजवळ गेल्या आणि गोधडी बाजूला केली. पीठ पातेल्याच्या बाहेर येऊन खाली ओघळलं होतं. "ताई, आरोपी इथं आहे," त्या म्हणाल्या. "खमीर जास्त आलं की दारूचाच वास मारतो. आमच्या मेसवाल्यांना लोक उगाच नावं ठेवायचे."

सगळे हसले. आईसुद्धा हसली, पण तिने त्या रात्री वडिलांच्या ताटात सगळ्यात आधी वाढलं. वडिलांनी हा किस्सा कारखान्यात सांगितला. "आमच्या घरात आता पीठ पितं," असं ते म्हणत, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो पुन्हा ऐकावा लागे.

पुढच्या घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने मी देते. तेव्हा त्यांचा एकमेकींशी संबंध आहे असं मला वाटलं नव्हतं. आईला कधीपासून वाटलं, ते तिने सांगितलं नाही.

पाव आधी महिन्यातून एखाद्या रविवारी होत. उन्हाळ्यापर्यंत ते दर रविवारी होऊ लागले, मग बुधवारीही. मागणी वडिलांची असे. पूर्वी जेवणाबद्दल ते कधी काही बोलत नसत. आता सकाळी बूट घालताना विचारत, "आज पाव हायेत ना?" ते पीठ मळायला लागले. पीठ झाकून ठेवलेलं असलं तरी मध्येच उघडून पाहत, बोटाने दाबत. मळलेल्या पिठाचा वास त्यांच्या हातांना, मनगटांना आणि शर्टाच्या बाह्यांना राही. त्या दिवशी तांब्या घेऊन उभं राहण्यात अर्थ नसे. आई तरीही उभी राही.

मग खमीर तेच आणू लागले. कोपऱ्यावरची बेकरी चालत तीन मिनिटांवर होती. वडील सायकल काढून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या द्वारका चौकापर्यंत जात. तिथलं खमीर ताजं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. जायला-यायला त्यांना दोन तास लागत.

"एवढं लांब?" आईने एकदा विचारलं.

"कोपऱ्यावरचा शिळं देतो."

"मला तर चांगलं दिलं होतं."

"तुला काय कळतंय खमिरातलं? शिकून चार महिने नाय झाले."

दुसऱ्या दिवशी आईने मला कोपऱ्यावरून खमीर आणायला पाठवलं, ती वडी आणि वडिलांनी आणलेली वडी वेगवेगळ्या वाट्यांत कोमट दुधात कालवल्या आणि खिडकीत शेजारी-शेजारी ठेवल्या. दोन्ही सारख्याच फसफसल्या. तिने दोन्ही वाट्या मोरीत ओतल्या. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "अभ्यास कर."

श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात मांस आणि अंडं बंद असतं. वडील कडक पाळणारे. ओव्हन आईने पुसून माळ्यावर ठेवला. पहिल्याच बुधवारी वडील म्हणाले, "पाव करायला काय हरकत हाय? बटाटा भर."

आई भाजी निवडत होती. "अंड्याशिवाय?"

"अंडं नको घालू. नुसतं पीठ, खमीर, बटाटा."

"तुम्हाला तर बटाटा आवडत नाही."

"आता आवडतो."

आईने हातातली जुडी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. तिने बटाट्याचे पाव केले. वडिलांनी अर्धा खाल्ला. पुढच्या बुधवारी पुन्हा केले, आणि पुन्हा अर्धाच खाल्ला. ज्याला पाव खायचा नाही त्याला घरात पीठ भिजलेलं का हवं, हा प्रश्न मला त्या दुसऱ्या बुधवारी पडला. मी तो विचारला नाही. माझं वय तेव्हा चौदा होतं आणि शपथ माझ्या डोक्यावर होती. उत्तर काय असेल, त्यापेक्षा ते निघाल्यावर मला काय होईल, ही भीती मोठी होती.

भाद्रपदात मला ताप आला आणि तो आठ दिवस उतरला नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि टायफॉइड सांगितला. वस्तीत त्या पावसाळ्यात आणखी मुलं आजारी होती. आईने हे सगळं ऐकून घेतलं. दवाखान्यात माझ्या उशाशी बसून तिने वडिलांना विचारलं, "खरं सांगा."

"नाय घेतली. तुझी शपथ."

"माझी नको," आई म्हणाली. "आहे तेवढी एक पुरे."

मी बरी झाले. केस गळले, वजन उतरलं. घरी आल्यावर मला खाऊ घालायचं म्हणून पुन्हा पाव सुरू झाले. एका मंगळवारी आई मावशींकडे गेली, तेव्हा मी बरोबर होते.

"खमिराशिवाय पाव होतो का हो?"

"दही आणि सोडा घालून होतो," मावशी म्हणाल्या. "पण त्याला पाव म्हणायचं नाही. चुरा पडतो, दुसऱ्या दिवशी दगड. कशाला हवाय?"

"बघायचंय करून."

मैदा, दही, सोडा यांचं प्रमाण मावशींनी दोनदा सांगितलं.

बुधवारी दुपारी आईने पीठ भिजवलं. सोड्याचं पीठ थांबत नाही, लगेच भरून लगेच भाजावं लागतं, म्हणून तिने वडिलांची पाळी सुटायची वेळ धरली. खिमा सकाळीच परतून ठेवला होता. साडेतीनला सात पाव ओव्हनमध्ये होते. एक रिकामं पातेलं तिने गोधडीत गुंडाळून बंबाजवळ ठेवलं. खोलीत मसाल्याचा आणि तापलेल्या मैद्याचा वास होता, आंबलेला कुठेच नव्हता. मी ते मुद्दाम तपासलं. दार, खाट, मोरी, बंब, सगळीकडे जाऊन श्वास घेतला. आई पाटावर उभी राहून काचेतून पाहत होती. ती म्हणाली, "काय करतेस?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "येतोय का?" मी म्हटलं, "नाही."

वडील पावणेचारला आले. दारात बसून बूट काढू लागले. आईने तांब्या उचललाही नव्हता.

"पीठ आज चांगलंच आलेलं दिसतंय," ते म्हणाले. "पार रस्त्यापर्यंत वास हाय."

"कसला वास?"

"खमिराचा. दुसरा कसला?"

आई पाटावरून उतरली. बंबाजवळ गेली, गोधडी उलगडली आणि पातेलं आडवं करून त्यांना आतून दाखवलं.

"आज खमीर नाही घातलं," ती म्हणाली.

एक बूट वडिलांच्या हातात होता, दुसरा पायात. ते पातेल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कधीपासून म्हाईत हाय तुला?"

"आत्ता. तुम्हीच सांगितलंत."

ते उठले आणि माझ्या दिशेने आले. आधीच हात पुढे केला होता. "परत शपथ घेतो. आईशप्पथ, या वेळेला..."

"नाही," आई मध्ये येऊन म्हणाली. "घ्यायची नाही. सोडवायची."

लहान मुलं खेळताना घेतलेली शपथ परत काढतात, त्याला एक शब्द आहे. ज्याने घेतली त्याने 'सुटली' म्हणायचं. शाळेत मी तो शेकडो वेळा ऐकला होता. मोठ्या माणसांना तो म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. आईने मला खांद्याला धरून त्यांच्यासमोर उभं केलं.

"ठेवा हात. म्हणा, सुटली."

वडिलांनी हात ठेवला. हात जड होता. मला वाटतं, त्यांना शब्दाचा अर्थ नीट कळला होता. तो म्हटला की चार वर्षांत काय काय झालं ते कबूल, आणि पुढे अडवायला घरात काही उरणार नाही.

"अगं, मग मला धाक कशाचा राहील?" ते म्हणाले.

"तुम्हाला धाक राहावा म्हणून माझी पोरगी गहाण नाही ठेवायची मला. प्यायची तर स्वतःच्या डोक्यावर प्या. म्हणा."

ओव्हनमधून जळका वास येऊ लागला होता. आईने तिकडे पाहिलं नाही. वडिलांनी शब्द म्हटला. तो मला ऐकू आला, आईला आला नाही, म्हणून तिने पुन्हा म्हणायला लावला. मग हात निघाला. आई ओव्हनकडे गेली आणि पाटावर उभी न राहता तिने झाकण उचललं. तिला झटका बसला. झाकण खाली पडलं. पाव बुडाला काळे झाले होते. आम्ही तिघांनी वरचे भाग खाल्ले.

वडील त्यानंतर पुष्कळ वर्षं कधी प्यायले, कधी नाही. द्वारकेला जाणं बंद झालं. आईने पाव पुन्हा महिन्यातून एका रविवारवर आणले आणि खमीर ती स्वतः कोपऱ्यावरून आणू लागली. तिने त्यांना एकच अट घातली. घेतली असली तर दारातच सांगायचं, तिला शोधायला लावायचं नाही. पहिले काही दिवस ते काही न बोलता आत आले. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी त्यांनी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, "आज घेतली हाय." आईने मान हलवली आणि त्यांचं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आज नाय घेतली." तेव्हा ती उठून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांनी श्वास सोडेपर्यंत तिथेच उभी राहिली.