चवथीच्या स्वयंपाकघरातली वहिनी

डावा हात उजव्या बरगडीखाली दाबून उजव्या हाताने नारळाचा रस ढवळणारी आमची चुलतवहिनी तुम्ही पाहायला हवी होती. विचारलं की म्हणायची, “काय ना ओ भावजी, वायू धरला.”

आमच्या गावी, पार्श्यात, सगळ्या कुटुंबाची गणपतीची चवथ एकत्र असते. नैवेद्य वहिनीचाच. चाखायचा नसतो, म्हणून ती नुसत्या वासावर मीठ ओळखायची. इतर बायकांना पाळी आली की बाहेर सोप्यावर बसावं लागे. वहिनी कधीच बसली नाही. “हिला देवच सांभाळतो,” असं मी पाहुण्यांना मिरवून सांगायचो. हा देव औषधांच्या दुकानात मिळतो, हे मला ठाऊक नव्हतं.

यंदा दुखणं वाढलं. चुलतदादा ट्रक घेऊन बाहेरगावी, म्हणून तिला म्हापशाला मीच नेलं. सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेता?”

वहिनी फरशीकडे बघत म्हणाली, “ना.”

“हे मिस्टर?”

“ना, दीर.”

“मग दीर इथे काय करतात?”

फाईल मांडीवर घेऊन मी वकिलासारखा बसलो होतो. उठून बाहेर गेलो.

परतताना ती खिडकीबाहेर बघतच बोलली. “धाकटो झालो तेव्हापासून घेतंय. मधले दिवस सोडूचे असतत, ते सोडले ना. चवथ, श्राद्धां, जत्रा, तुमची लग्नां. पाळी येवची कधी?”

“डॉक्टर काय म्हणाल्या?”

“कॅन्सर ना. पण गाठ वाढली तर फुटात, आत रक्त जायत. गोळये बंद.” मग हळूच म्हणाली, “चवथ तोंडार आसा ओ.”

मी नुसता गिअर बदलला.

चवथीला वहिनी सोप्यावर होती. आत रस फुटला, पातोळ्या हळदीच्या पानांना चिकटल्या. काकी भरल्या पंगतीत म्हणाली, “एक दिसाची गोळी घेतली असती तर काय झालां असतां?”

मला सगळं माहीत होतं. पण तोंडात पातोळी होती, आणि ती मला फार सोयीची वाटली.

बाहेरून आवाज आला, “काकी, त्याच गोळयेन लिवरात गाठ झाली माझ्या. परत घेतली तर मरान.”

तिचं पान कोणीतरी लांबूनच सरकवलं. वहिनीने पातोळीचं हळदीचं पान सोडलं, वाफ आली, तिने फुंकर घातली. ह्या घरात तिला गरम जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. फार वेळ पाहवलं नाही.